सही केली तरी

भाजीबाजाराला शनिवारी सुट्टी, म्हणून गेनबाच्या घरातली मोठी भांडणं गेली पन्नास वर्षं शनिवारीच होत आली. एरवी कुणाच्या अंगात तेवढं त्राणच उरायचं नाही. गेनबानं मार्केट यार्डातली हमाली सोडून पंधरा वर्षं झाली, थोरला मुलगा संभाजी जाऊन आठ झाली, तरी वार काही बदलला नाही. त्यामुळे धाकटा विश्वजीत भर दुपारी तीन वाजता काखेत प्लास्टिकची फाइल मारून दारात उभा राहिला, तेव्हा त्याच्या वहिनीनं, शैलानं, चहाचं आधण वाढवलं आणि मनातल्या मनात म्हटलं, आलं बाई.

"जयभीम, आबा."

"जयभीम. बस. पंखा लाव त्यो," गेनबा कॉटवरून म्हणाला.

मंदाकिनी आधीच येऊन बसली होती. गेनबाची ही एकुलती एक मुलगी. कसबा पेठेत तिचं लेस-बटणांचं दुकान होतं, आणि पंचवीस वर्षं तिथल्या गिऱ्हाइकांशी बोलून बोलून तिच्या जिभेला अशी काही धार आली होती की सख्खे भाऊही जरा अंतर ठेवून बसायचे.

"फाइल कसली रे? पत्रिका वाटायला निघालास?"

"अक्का, गंमत करू नकोस. कल्याणी कुठंय?"

कल्याणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. पत्र्याच्या त्या घरात मोबाइलला धड रेंज यायची ती फक्त तिथं. मांडीवर फोन, कानाला इअरफोन, हातात वही. चार वाजता तिला एक फोन यायचा होता, पण तो कसला ते तिनं फक्त आईला सांगितलं होतं, आणि शैलाला तर ते पोटात ठेवून सकाळपासून जेवण गेलं नव्हतं.

विश्वजीतनं फाइल उघडली. एकच कागद. तो त्यानं गेनबाच्या पुढ्यात, कॉटवर, नीट सरळ करून ठेवला.

"सोमवारच्या आत ह्याच्यावर हिची सही पाहिजे. बाकीच्या अकरा मुलींनी केली. हीच एकटी अडून बसलीय. साहेब म्हणाले, पुतणी तुझी, जबाबदारी तुझी. तिनं सही केली नाही तर तीही घरी, आणि मीही घरी."



विश्वजीतला लोक समजतात तेवढा तो वाईट नव्हता. शहराच्या कडेला मांजरी गावात, उसाच्या शेताला लागून नव्यानं उठलेल्या इमारतीत त्याचं कॉल सेंटर होतं. फ्रिज-वॉशिंग मशीनवाल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, तक्रारी लिहायच्या, शिव्या खायच्या. विश्वजीत तिथं सहा वर्षं सुपरवायझर. हमालाचा मुलगा, पण गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर एसी, आणि बारा मुली "सर, सर" करतात. पहिल्या दिवशी घरी येऊन त्यानं बापाला म्हटलं होतं, आबा, आता आपल्यात कुणी लेबर नाही. ते म्हणताना त्याचे डोळे भरून आले होते. गेल्या वर्षी पुतणीलाही त्यानं तिथंच चिकटवलं. भाऊ गेल्यावर तिच्या कॉलेजची फी त्यानंच भरली होती, तेव्हा आपलं ह्या घरात थोडंफार चालतं असं त्याला वाटायचं. आणि खरं सांगायचं तर चालतही होतं.

"काय लिहिलंय त्यात?" गेनबानं विचारलं. चष्मा होता, पण हल्ली अक्षरं पळायची.

कल्याणी जिन्यावरूनच, न वाचता, पाठ असल्यासारखी म्हणाली, "मी स्वखुशीने प्रशिक्षणार्थी म्हणून काम करत असून मला नियमाप्रमाणे पूर्ण वेतन मिळाले आहे. माझी कोणतीही तक्रार नाही."

"मग? मिळतो ना पगार?" मंदाकिनीनं विचारलं.

"नऊ हजार मिळतात, आत्या. आणि वर्ष झालं मला. पहिले आठ दिवस ट्रेनिंग होतं. नंतर रोज ऐंशी-ऐंशी कॉल घेतेय मी. प्रशिक्षणार्थी कसली?"

"अगं, सगळीकडे असंच असतं," विश्वजीत म्हणाला. "कागदाला काय, कागदच आहे."

"कर बाई सही," शैला पदराला हात पुसत बाहेर आली. हे ती मुलीला म्हणत होती, पण बघत होती दिराकडे. "भाऊजींनी आपल्यासाठी काय कमी केलंय? त्यांची नोकरी तुझ्यामुळं जाणार असेल तर मी कुठल्या तोंडानं..."

"वहिनी, तसं नको म्हणायला," विश्वजीत पुटपुटला; पण तिनं तसं म्हणावं म्हणूनच तो आला होता, हे त्यालाही ठाऊक होतं.

"मीही तेच म्हणते," मंदाकिनी म्हणाली. "एक सही तर मागतोय. किडनी मागत नाहीये."

दोन बाया एका बाजूला झाल्या. कल्याणीनं आजोबांकडे पाहिलं. तिला माहीत होतं, ह्या घरात सहीच्या बाबतीत शेवटचा शब्द आबांचा.

त्याचं कारण असं, की गेनबा एक्केचाळिसाव्या वर्षी सही करायला शिकला. त्याआधी अंगठा. एकदा मुकादमानं कोऱ्या कागदावर अंगठे घेतले आणि वर काय वाट्टेल ते लिहिलं. अख्खी टोळी दोन महिने फुकट राबली. त्यानंतर टोळीतल्या एका शिकलेल्या गड्याकडं गेनबा रोज संध्याकाळी बसायचा. गोण्या उचलून बोटं वळायची नाहीत, खडू तुटायचे. महिन्याभरानं "गेनबा" ही तीन अक्षरं धड उमटली, तेव्हा ह्या माणसानं घरी पेढे आणले. तेव्हापासून त्यानं पोरांना एकच शिकवलं: अंगठा चोरता येतो, सही चोरता येत न्हाई. सही केली की माणूस बांधला गेला.

आणि म्हणूनच, गेल्या वर्षी कामाला लागताना कल्याणीनं घाईघाईत सेंटरच्या करारावर सही केली, आणि पहिल्या पगाराच्या दिवशी रडत घरी आली, तेव्हा गेनबानंच तिला सांगितलं होतं, "सही केलीस ना? मग वरीस काढ. आपल्या घरात सही मोडत न्हाईत." तिनं वर्ष काढलं. एक शब्द न बोलता काढलं.

"खोट्यावर सही करायची न्हाई," गेनबा आता हळू म्हणाला. "ह्यो नवा कागद मला पटत न्हाई. पण मागचा करार तू केलास. नऊ हजाराला तू आपण होऊन राजी झालीस. आता तक्रार कशाची करणार?"

म्हणजे निकाल अर्धा-अर्धा. विश्वजीतचा चेहरा पडला आणि कल्याणीचाही.

मग ती उठली. वहीतून घडी घातलेला एक छापील कागद काढून खाली आली आणि आजोबांच्या शेजारी कॉटवर बसली.

"आबा, मंगळवारी मी सुट्टी टाकली होती ना? बरं नाही म्हणून? मी शिवाजीनगरला कामगार ऑफिसात गेले होते."

"एकटी?" शैला किंचाळलीच.

"एकटी. तिथं एक मॅडम होत्या. मी त्यांना करार दाखवला. म्हटलं, मॅडम, मूर्खपणा माझाच आहे, मी सही केलीय. तर त्या काय म्हणाल्या माहितीय? म्हणाल्या, सरकारनं ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पगार घ्यायला कामगार राजी झाला, त्यानं तसं लिहून दिलं, तरी त्या लिहून देण्याला काही अर्थ नाही. तेवढा भाग रद्द. मालकाला पूर्ण पगार द्यावाच लागतो."

गेनबा कॉटवर तिच्याकडं वळला.

"सही केली तरी?"

"सही केली तरी."

"आपण होऊन?"

"आपण होऊन केली तरी, आबा."

"चार साक्षीदार असले तरी?"

"चाळीस असले तरी."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात कॉटवर टेकले. त्याला खरोखरच आधार लागत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगणं अवघड आहे. जन्मभर जिला आपण भिंत समजून टेकून बसलो, तिला दार होतं असं कुणी सांगावं, तसं काहीतरी. पण त्याला वाईट वाटलं नाही. तो थक्क झाला. अगदी लहान मुलासारखा.

"म्हंजे कायदा असं म्हणतो," तो एकेक शब्द चाचपत म्हणाला, "की बाबा, तू अर्धपोटी राहायला राजी असशील, मी न्हाई?"

"तसंच म्हणतो, आबा."

"अरे बाप रे."

"आणि ह्याचं पहिलं विधेयक स्वातंत्र्याच्या आधी कुणी मांडलं ते विचारा. त्या मॅडमनीच सांगितलं. बाबासाहेबांनी. मजूरमंत्री होते तेव्हा."

गेनबानं भिंतीकडं मान वळवली. फोटो नेहमीच्याच जागी होता. त्याला तो रोज सकाळी हात जोडत आला होता, आणि हे एवढं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

विश्वजीत मध्येच म्हणाला, "आबा, हे कायदे हमालांना, बिगाऱ्यांना. आपण एसीत बसणारी माणसं. आपल्याला कसलं आलंय किमान वेतन?"

"एसीत भूक लागत नाही का रे?" मंदाकिनीनं विचारलं.

तो काही बोलणार, तेवढ्यात कल्याणीचा फोन वाजला. चारला पाच कमी. ती तीन ढांगांत जिन्यावर पोचली, इअरफोनची वायर कॉटच्या खुराला अडकून निसटली, घाईत स्पीकर दाबला गेला आणि समोरचा आवाज घरभर घुमला.

"हॅलो! कोण बोलतंय? किती वेळ लावता फोन उचलायला?"

"नमस्कार सर, मी कल्याणी बोलतेय. आपली काय मदत करू?"

शैलानं तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना गप्प केलं आणि कुजबुजली, "मुलाखत आहे. खराडीच्या मोठ्या कंपनीची." विश्वजीतच्या हातातला कप बशीत खाडकन आपटला.

"मदत काय करता? फ्रिज पाठवलाय की कपाट? आठ दिवस झाले, पाणी गार होत नाही! आईचं इन्सुलिन ठेवायचं असतं त्यात! तुम्हा लोकांना लाज वाटते का? फुकटचा पगार खाता!"

हा माणूस खोटा-खोटा चिडलेला आहे, परीक्षा घेतोय, हे कल्याणीला ठाऊक होतं, विश्वजीतला ठाऊक होतं. मंदाकिनीला कुठून ठाऊक असणार? तिला दिसलं ते एवढंच, की कुणीतरी मेला बापया आपल्या भाचीला लाज काढून बोलतोय. ती पदर खोचून उठली.

"अहो मिस्टर! कोण हो तुम्ही? आवाज खाली घ्या आधी! आमची मुलगी काय तुमच्या घरची मोलकरीण आहे?"

शैलानं कपाळाला हात लावला. गेलं. सगळं गेलं. एवढी वर्षभर वाट बघून गेलं.

तेवढ्यात कल्याणीचा आवाज आला, इतका मऊ आणि इतका ठाम, की घरातल्यांना वाटलं दुसरंच कुणी बोलतंय.

"सर, क्षमा करा. इथं आमच्याकडे तुमच्याइतक्याच चिडलेल्या एक बाई आहेत, त्यांचंही बरोबर आहे. पण आधी तुमचं. आईंचं इन्सुलिन आत्ता कुठं ठेवलंय?"

"...अं? शेजाऱ्यांकडे."

"चांगलं केलंत. त्यांच्याकडे ते आजची रात्र राहू शकेल ना? मग मी फ्रिजकडे वळते. सर, आठ दिवस म्हणालात, म्हणजे तुम्ही आधीही फोन केला असणार. तुम्हाला परत पहिल्यापासून सांगायला लावणार नाही. तक्रार क्रमांक असेल तर द्या, नसेल तर फक्त मोबाइल नंबर चालेल."

पुढची दहा मिनिटं ते घर हललं नाही. माणूस ओरडला, ती थांबली. माणूस दमला, ती बोलली. मध्येच त्यानं हिंदी सुरू केली, तीही हिंदीवर गेली. तो मुद्दाम मॅनेजरला द्या म्हणाला, तर ती म्हणाली, देते, पण त्यांच्यापुढं ठेवायला तुमची तक्रार आधी नीट लिहून घेते, म्हणजे तुम्हाला तिसऱ्यांदा सांगावं लागणार नाही. गेनबा कॉटवर पुढं झुकून ऐकत होता. आयुष्यभर त्यानं अंगावर ओझं पेलणारी माणसं पाहिली होती, पण समोरच्याचा राग एवढ्या अलगद उतरवून खाली ठेवणारी कुणी पाहिली नव्हती. ही आपली नात? शेंबूड पुसायला ओरडावं लागायचं ती?

विश्वजीतही ऐकत होता. सहा वर्षांत त्यानं अनेक मुलींचे कॉल तपासले होते, मार्क दिले होते. हिचेही दिले होते, दहात सहा. आज त्याची त्यालाच लाज वाटली.

पलीकडचा माणूस अखेर हसला. "बास, मॅडम. फ्रिज दुरुस्त झाला. त्या दुसऱ्या चिडलेल्या बाई कोण?"

"माझी आत्या आहे, सर. खरी चिडली होती."

"छान. त्यांना सांगा, माझा आवाज खाली आला. बरं, सध्या तुम्हाला पगार किती आहे?"

शैलानं डोळे मिटले. नऊ हजार सांगितले की हे दहा देणार.

"सर, तो सांगत नाही. तुमच्या कामाचा दर काय आहे ते तुम्ही सांगा."

गेनबा ताडकन सरळ झाला. पलीकडचा माणूस म्हणाला, "एकोणीस."

एकोणीस! मंदाकिनीनं शैलाचा हात धरला.

"त्यात मूळ वेतन किती, आणि विशेष भत्ता किती, सर?"

"म्हणजे?"

"किमान वेतन त्या दोन्हींचं मिळून मोजतात ना. एकूण आकडा मोठा दिसतो आणि त्यात बसभाडं, जेवण सगळं धरलेलं असतं, म्हणून विचारलं."

"ते... एचआरला विचारावं लागेल."

"चालेल, सर. मी होल्ड करते."

आणि फोनमधून ते कंपन्यांचं गुळगुळीत संगीत वाजू लागलं. आजवर कल्याणीनं हजारो लोकांना ते ऐकवलं होतं. आज ती स्वतः पायरीवर मांडी घालून ऐकत होती, आणि खाली चार माणसं देवळात बसावं तशी गप्प बसून ऐकत होती.

"कल्याणी," गेनबा दबक्या आवाजात म्हणाला, "मागच्या गाळ्यावर काय मिळालं ते पुढच्या गाळ्यावर सांगायचं न्हाई. आमच्या टोळीचा नेम हुता त्यो. तुला कुणी सांगितला?"

"कुणी नाही, आबा."

"मी तर घरात कधी बोललो न्हाई."

"नाही बोललात."

"मी तुला वरीसभर बांधून घातली," तो म्हणाला. "माझ्या तीन अक्षरांच्या मिजाशीत. चुकलं माझं पोरी."

"आबा, असू दे हो," ती म्हणाली, आणि तेवढ्यात संगीत थांबलं. पलीकडच्यानं दोन्ही आकडे वेगवेगळे वाचून दाखवले. कल्याणीनं ते वहीत लिहिले, छापील कागदाशी ताडून पाहिले आणि मान हलवली. "धन्यवाद, सर. मी सोमवारी संध्याकाळी कळवते." फोन ठेवला.

"कळवते?" मंदाकिनी ओरडली. "अगं हो म्हण ना, भवाने!"

सगळे एकदम बोलायला लागले. शैला रडत होती, हसत होती, साखरेचा डबा शोधत होती. एकटा विश्वजीत जागचा हलला नाही. कागद तसाच कॉटवर पडलेला होता.

"चांगलं झालं," तो म्हणाला. आवाजात खोटेपणा नव्हता. "तू सुटलीस. सोमवारी साहेब मला विचारतील, सही कुठंय. तेव्हा मी काय सांगू?"

आनंदाच्या भरात सगळे हे विसरले होते. शैलाचा हात डब्यावरच थांबला. आता तिला दिराला काही म्हणवेना आणि मुलीलाही.

कल्याणी खाली आली, त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि तो छापील कागद त्याच्या हातात दिला. "काका, हे ह्या सहा महिन्यांचं दरपत्रक. दुकानं आणि ऑफिसं. आपण परिमंडळ एकमध्ये येतो, म्हणजे शहरातल्या दरात. हा अकुशल, हा अर्धकुशल, हा कुशल. तुम्ही सुपरवायझर. तुम्हीच बघा तुमचा रकाना कोणता ते."

विश्वजीतनं बोट ठेवलं. बोट आडवं सरकत गेलं आणि शेवटच्या आकड्यावर थांबलं. त्यानं परत पहिल्यापासून वाचलं. आकडा तोच. त्याला मिळत होते बारा हजार. त्या इमारतीत सगळ्यांत जास्त, असं साहेब दर दिवाळीला त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे.

"हे एसीवाल्यांनाही लागू आहे?" त्यानं विचारलं.

"लागू आहे, काका."

"मी दरवर्षी असल्याच कागदावर सही करतोय. सहा वर्षं. पहिली सही माझी, मग मुलींची." त्यानं बापाकडं बघितलं. "आबा, मला वाटलं, आपण त्यातनं वर आलो."

गेनबानं हात पुढं करून त्याच्या डोक्यावर ठेवला. चाळिशीतल्या, टक्कल पडत चाललेल्या त्या डोक्यावर कित्येक वर्षांत कुणी हात ठेवला नव्हता. मग विश्वजीतनं नाक ओढलं, चष्मा पुसला, आणि कॉटवरचा तो दुसरा कागद उचलून शैलाकडं दिला. "वहिनी, हा चुलीत घाला म्हटलं असतं, पण नको. पुरावा आहे. जपून ठेवा."

"ते शिवाजीनगरचं ऑफिस किती वाजता उघडतं गं?" त्यानं कल्याणीला विचारलं.

"पावणेदहाला."

"अकराही मुलींना फोन लाव. म्हणावं, सोमवारी मांजरीला जाऊ नका, तिकडं या. करार घेऊन या, बँकेचं पासबुक घेऊन या."

"काका, त्या घाबरतील हो. आधी कोण आत जाणार, ह्यावरनंच अडून बसतील."

"मी जातो की," विश्वजीत म्हणाला. "सगळ्यांत जुना मीच आहे."